मालीच्या हरणाचा मान

संक्रांतीच्या आदल्या दिवशी माझी पत्नी गेली. मुरबाड तालुक्यातल्या एका डोंगराकडच्या गावात ती अंगणवाडी चालवत असे. महिन्याभराने मी त्या गावी गेलो. तिने मुलांना घेऊन केलेले पाच मुखवटे मला घरी आणायचे होते. तिच्या हातचं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं.

मी शहापूरला वाचनालयात काम करतो. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "आपल्यासारखी सोंगं आणखी कुठे नाचवतात का, पुस्तकात बघा ना. पोरांना पृथ्वीचा गोल दाखवला, तर त्यांनी लाथा मारून ओट्यावरून खाली नेला."

त्या गावात उन्हाळ्याच्या तोंडावर बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात, आणि कुठलं सोंग कोणत्या घराने आणायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. चार वर्षांच्या मुलाला देश म्हणजे काय ते कळत नाही, मुखवटा कळतो, असं तिचं म्हणणं.

मी चित्रं शोधली. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचं हरीण, ज्याने माणसाला शेती शिकवली असं तिथले लोक मानतात. पावसासाठी नाचणारा मेक्सिकोचा वाघ. आळशी मुलांना दटावायला घरोघर फिरणारं जपानचं भूत. भूतानचं सांबर. थंडी पळवून लावणारा आल्प्सच्या डोंगरातला केसाळ राक्षस. वाचनालयातली रद्दी मी पिशव्या भरून दिली. तिने मुलांकडून कागद भिजवून घेतले, कीड लागू नये म्हणून लगद्यात मेथी वाटून घातली. घरी आली की तिच्या हाताला मेथीचा वास येत असे.

मुखवटे वाळल्यावर तिने मुलांची गावातून फेरी काढली. मीही गेलो होतो. मुलं कसली नाचतायत, मुखवटे सांभाळत ठेचकाळतच चालली होती. पहिल्याच घरापुढे एक म्हातारी हळद-कुंकू आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मालीचं हरीण झालेली मुलगी तिचीच नात. म्हातारीने खाली बसून तिचे पाय धुतले.

पत्नी गडबडली. "आजी, अहो, हा खेळ आहे."

"सोंगाला खेळ म्हनू नको बाई. कोन देव हाय ह्यो?"

"लांबच्या देशातलं हरीण आहे. शेती करायला त्याने शिकवलं, असं तिथली माणसं सांगतात."

म्हातारीने नातीच्या मुखवट्याकडे पाहिलं. "मंग इतकं दिस कुठं होतास रे?"

"अंगणवाडीत," मुखवट्याच्या आतून उत्तर आलं.

मग प्रत्येक घरी पाय धुतले गेले. जपानच्या भुताच्या पायाशी तर एका बाईने आपला मोठा मुलगा आणून उभा केला. "ह्याला बग जरा. दोन दिस झालं, आंघोळ नाय."

दुसऱ्या दिवशी पत्नीला मुखवटे अदलाबदल करायचे होते. रोज वेगळा देश, असा तिचा पाठ होता. पण मुलांनी घरी नेलेले मुखवटे परत आलेच नाहीत. एकाचा मान दुसऱ्या घरी जात नाय, असं पाचही घरांनी सांगितलं. ती खट्टू होऊन घरी आली, पण फार दिवस तशी राहिली नाही. वाशिंदच्या कारखान्यात जाणारा एक बाप तिला वाटेत थांबवून विचारू लागला, "बाई, आमच्या जपानात भातच खातात ना?" मेक्सिकोवाल्या घराला तिथे पाऊस कधी लागतो ते हवं होतं. ती प्रश्न आणायची, मी पुस्तकं उघडायचो. ओट्यावर बसून आया एकमेकींना आपापल्या देशाची खबर देत. एवढा भूगोल मी कुठल्या शाळेत पाहिलेला नाही.

तर मी मुखवटे आणायला गेलो, एखादा परत आला असेल म्हणून आधी अंगणवाडीत. नव्या बाईंनी मला रिकाम्या भिंती दाखवल्या. मी म्हातारीच्या घरी गेलो. हरीण देव्हाऱ्याशेजारी टांगलेलं होतं, कपाळाला हळद, शिंगांना नवा रंग. नात आता पहिलीत जाते. मी का आलो ते सांगितलं.

म्हातारीने मला बसायला घोंगडी टाकली. मग म्हणाली, "भाऊ, दुसरं काय बी मागा. तांदूळ न्या. ह्यो नाय देता येत. मान आमच्या घरचा हाय."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"बाईनीच दिला ना."

"हो."

"मंग बोहाड्याला या. गनपतीचं सोंग जालं का लगेच आमचं हरीन येतं."

बाकीच्या घरी मी मागायला गेलो नाही. नुसता डोकावून आलो. सगळे मुखवटे जागेवर होते. परत येताना पिशवी रिकामी होती आणि मला माझ्या पत्नीचा फार अभिमान वाटत होता.

त्या गावात पाच घरी पाच मुखवटे आहेत. माझ्या घरी एकही नाही.