दर दहा पानांनी दिवे

नीळकंठगुरुजींची नि माझी ओळख सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात पांढरकवड्याला झाली. मी केळापूरजवळच्या बंजारा तांड्यावरचा, कापसाच्या जिनिंगात कारकून, आणि डोक्यात सिनेमा लिहिण्याचं खूळ. गुरुजी शाळामास्तर, पण त्याआधी पुण्याच्या एका स्टुडिओत ते कथालेखकांच्या हाताखाली होते असं कळलं, आणि मी वही घेऊन थेट त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो.

गुरुजींनी वही शेवटपर्यंत वाचली. मग विचारलं, "दर दहा पानांनं दिवे कायले लावून राह्यला तू?"

"तंबूतल्या सिनेमात लागतेत ना, गुरुजी."

मी खरंच तसं लिहिलं होतं. 'दिवे लागतात. लोक बिड्या ओढतात.' जन्मात फिरत्या तंबूतलेच खेळ पाहिलेले, त्यामुळे दिवे हा गोष्टीचाच भाग अशी माझी समजूत. दुसरा कोणी पोट धरून हसला असता. गुरुजी म्हणाले, "तंबूत मशीन एकच हाय बापा. रीळ बदलाले लावतेत ते." तिथूनच पहिला धडा सुरू झाला. जे दिसतं आणि ऐकू येतं, तेवढंच लिहायचं. 'त्याच्या मनात काहूर माजले' या माझ्या लाडक्या वाक्यावर त्यांनी काट मारली. "काहूर कॅमेऱ्याले कसं दिसन? तो करते काय, ते लिही."

माझ्या नायकाची आई पोथीतल्यासारखी बोलायची. आमच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात. "तुही याडी अशी बोलते?" असं विचारून गुरुजी एका रविवारी माझ्यासोबत चालत तांड्यावर आले आणि चुलीपाशी बसून भाकर जेवले. त्या दिवसांत तांड्यावर जेवणारे मास्तर विरळाच. आम्ही निघालो तेव्हा याडी मला म्हणाली, "भाकर बांधली हाय. वाटंत पाणी पेजो."

वाटेत गुरुजी म्हणाले, "लवकर ये, असं म्हटलं नाही तिनं. पण आयकू आलं ना?"

त्यांची स्वतःची एक पटकथा पुण्यात पसंत झाली होती. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा सगळं सोडून ते गावी आले आणि ती पटकथा तशीच राहिली. पस्तावा होतो का, असं मी एकदा धीर करून विचारलं. "पस्तावा नाही. आठवण येते. रोज येते," एवढंच ते म्हणाले.

आज गुरुजींना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. माझ्या तीन पटकथा मुंबईहून साभार परत आल्या; चौथी लिहितो आहे. पडद्यावर माझं नाव नाही आलं तरी चालेल, पण त्यांनी शिकवलेलं एक तरी दृश्य गुरुजींनी माझ्या शेजारी बसून पाहावं, ही आस काही केल्या सुटत नाही. त्यांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू वाढतो आहे, आणि माझा हात मुळातच सावकाश चालतो. म्हणून त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो अशी प्रार्थना करताना त्यात माझा स्वार्थ आहे, हे इथे सर्वांसमक्ष कबूल करतो.

गुरुजी, घाई करू नका. मला अजून वेळ लागेल.