काळा पडलेला पडदा
सरकीचा वास आला की वणीचं कापूस खरेदी केंद्र आठवतं. तिथं बैलगाड्यांचे नंबर पडद्यावर दाखवणारा, दुसऱ्या कुणी लिहिलेला प्रोग्राम मी सांभाळायचो. एका दुपारी पडदा अचानक काळा झाला आणि खरेदी थांबली समजून रांगेतली माणसं फाटकावर धडकली. "काहून बंद केली खरेदी?" एक बाई ओरडली. "बंद नाही केली मावशी, पडदा बिघडला," म्हणत मी प्रोग्रामचा कोड उघडला. प्रत्येक नंबर रंगवायला प्रोग्राम मेमरीत नवा ब्रश, म्हणजे रंग भरायचं साधन, घ्यायचा, जुना सोडतच नव्हता. मेमरी भरून गेली होती. ब्रश सोडायची ओळ मी घातली आणि प्रोग्राम पुन्हा चालू केला. नंबर उमटला, पण फाटकावरून कोणी हललं नाही. "आता तं नाही ना जाणार नंबर?" बाईनं विचारलं. "नाही," म्हणालो आणि संध्याकाळपर्यंत पडद्याकडेच बघत बसलो. आजही ऑफिसात पडदा काळा झाला, की हात कीबोर्डवर जाण्याआधी नजर दाराकडे जाते.