भरतीच्या तोंडावर नवे बूट

मंडळी, परवा पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे धावण्याची चाचणी आहे आणि आज सकाळी मी नळदुर्गच्या रस्त्याला पळता पळता खाली बसून रडले.

दादानं हौसेनं नवे बूट आणले, चांगले जाड सोलचे. आठवडाभर घातले अन् दोन्ही नडग्या अशा ठणकायला लागल्या की उंबरा ओलांडवंना. जुन्या फाटक्या बुटांत कधी एवढं दुखलं नव्हतं.

आजी तेल चोळत म्हणाली, "दुष्काळात ह्या रस्त्याची खडी आमीच फोडली, अनवाणी पायानं. जुनं बूट घाल की, रडतीस कशाला?"

तिला काय सांगू? जुने बूट मी भरतीच्या अकॅडमीतल्या मैत्रिणीला देऊन टाकलेत. आमच्यात ती एकटीच अनवाणी पळायची.

तिचंही ग्राउंड परवाच आहे. सांगा, परत मागू का?