जीपच्या पाण्यातली हळद

सत्तरच्या दशकात भावाची जुनी जीप शेलूबाजारच्या स्टँडसमोर, आमच्या घराच्या दारात उभी असायची. चालायची कमी, उभीच जास्त. तरी घरात तिचा थाट जावयासारखा. वडील गेल्यापासून भावाचा शब्द चालायचा आणि भाऊ जीपपुढे कुणाचं ऐकत नसे. मी सवारी भरायचो, टायर बदलायचो, धक्का मारायचो. अशात मला पुण्याच्या एका कारखान्यात काम लागलं. सोमवारी हजर व्हायचं होतं, म्हणजे शनिवारी संध्याकाळची अकोल्याची बस गाठायलाच हवी होती.

शनिवारी सकाळी जीप तापून बंद पडली. भावानं कपडे आणि नोकरीचे कागद भरलेली माझी पेटी उचलली आणि मागच्या सीटखाली सरकवली.

"गाडी चालू करून दे. मीच सोडून देतो तुले अकोल्याले."

झालं. गाडी चालू झाल्याशिवाय पेटी नाही, आणि पेटीशिवाय पुणं नाही.

दोष गाडीचा नव्हताच. दसऱ्याला दीक्षाभूमीची माणसं भरून नागपूरला जाताना रेडिएटर गळायला लागला होता. कुणीतरी सांगितलं, हळद टाका, भोक बुजते. बुजलं खरं. तेव्हापासून भाऊ दर आठवड्याला वहिनीच्या डब्यातली मूठभर हळद रेडिएटरला पाजायचा, वरून विहिरीचं जड पाणी. भोकाबरोबर बाकीचं सगळंही बुजत गेलं. त्या सकाळीही त्यानं एक मूठ ओतलीच होती.

इंजिनावर, पाण्याचा पाईप बसतो तिथं, एक लोखंडी टोपी असते. तिच्याखाली थर्मोस्टॅट, इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप. ती टोपी काढायची होती आणि ती तीन बोल्टांवर गंजून चिकटली होती. घासलेट सोडलं, वाट पाहिली, पाना लावला. पहिला कुरकुरत सुटला, दुसराही. तिसऱ्याचं डोकं कट्कन तुटून हातात आलं आणि बाकीचा आतच राहिला. मी पाना धुळीत फेकला. मला त्या गाडीचा राग आला, भावाचा त्याहून जास्त. तो समोर बाजेवर बसून चहा पीत होता.

"काहून घाई करून राह्यला? सावकाश कर ना."

घाई कायले, हे त्याला ठाऊक होतंच. ऊन डोक्यावरून उतरायला लागलं होतं. लाकडी ठोकळा लावून टोपी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं ठोकत राहिलो, तेव्हा ती निघाली. आत थर्मोस्टॅट दिसेचना. हळद, गंज आणि चुना यांचा गच्च लगदा. छन्नीनं खरवडून तो बाहेर काढला. तुटलेला बोल्ट पंपाच्या बत्तीच्या झोतानं तापवला, कडेला मेण सोडलं आणि पक्कडीनं केसभर इकडे, केसभर तिकडे हलवत राहिलो. तो सुटला तेव्हा मी मोठ्यानं हसलो. पुणं सुटलं नव्हतं.

टोपीखालून पाणी गळू नये म्हणून पुठ्ठ्याचं गॅस्केट कापलं, भंगारातला बोल्ट बसवला, थर्मोस्टॅटशिवायच टोपी लावली. जीप चालू झाली. बराच वेळ चालू ठेवली तरी पाणी उकळलं नाही. भाऊ उठला, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मग त्यानं सीटखालून माझी पेटी काढली. मला वाटलं, पुढच्या सीटवर ठेवतो आहे. तो ती घेऊन घरात गेला.

"एवढा हात चालते तुहा," बाहेर येऊन तो म्हणाला, अगदी मायेनं. "मंग पुण्यात लोकाच्या गाड्या कायले खोलतं? इथंच दुकान टाकून देतो तुले."

तो रागावला असता तर मी भांडलो असतो. त्याचे डोळे भरले होते. मी पाने गोळा करायला लागलो.

अकोल्याची बस स्टँडवर आली, थांबली आणि गेली. मी राख घेऊन हात घासत बसलो होतो. कोपरापर्यंत पिवळे झाले होते, रंग काही केल्या जाईना. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि हातांकडे पाहून हसली.

"भाऊजी, तुमाले तं हळद लागली. हळद लागल्यावर गावाबाहेर जात नाई मानूस."

ती थट्टेनं बोलली. घरातले सगळे हसले.