काचेच्या कपाटातले मास्क

आमच्या टीबी वॉर्डात एन-९५ मास्कचं एक काचेचं कपाट होतं. रोज पुसलेलं, कुलूप लावलेलं, नाशिक रोडच्या एखाद्या सोनाराला हेवा वाटावा असं. किल्ली इन्चार्ज सिस्टरच्या कमरेला. मास्क मागितला की त्या म्हणायच्या, "ब्रदर, मग इन्स्पेक्शनला काय दाखवू? तुमचं तोंड?"

मला या कपाटाची गंमत वाटायची. नव्या सिस्टरला वाटत नव्हती. ती एकलहऱ्याहून यायची, घरी तान्हं बाळ. तोंडाला रुमाल बांधून दिवसभर खोकणाऱ्यांच्या उशाशी उभी राहायची आणि घरी गेल्यावर अंघोळ केल्याशिवाय बाळाला हात लावायची नाही. "अंग धुते हो ब्रदर," ती एकदा म्हणाली, "श्वास कसा धुऊ?"

इन्स्पेक्शनच्या दिवशी कपाट उघडलं. सगळ्यांना मास्क मिळाले, फोटोपुरते. नंतर ते गोळा करायला ट्रे तयारच होता. आमच्या मुख्य डॉक्टरांनी तर चेहरा नीट यावा म्हणून आपला मास्क हनुवटीखाली ओढला आणि विचारलं, "उजेड कुठे चांगला?"

"खिडकीशी, सर," मी अदबीनं म्हणालो. "बाबांच्या कॉटजवळ."

बाबा चांदवडचे, कांदा पिकवणारे. खोकला आला की तोंड खिडकीकडे करायचं, हे आम्हीच त्यांना शिकवलेलं. असा आज्ञाधारक पेशंट मी पाहिला नाही. फोटोग्राफर "स्माइल" म्हणाला आणि बाबांना उबळ आली.

सर चष्मा पुसत राहिले. बाबा ओशाळले. "खिडकीकडंच खोकलो साहेब, शिकवल्याप्रमाणं. तुम्हीच मधी उभे राहिले."

सरांनी बेसिनवर बराच वेळ तोंड धुतलं. मग नव्या सिस्टरलाच हळूच विचारलं, "मला काही होणार नाही ना?"

"मी रोज घरी जाताना हेच विचारते, सर," ती म्हणाली. "फक्त विचारायला कुणी नसतं."

त्या दिवशी ट्रे रिकामाच राहिला. वापरलेल्या मास्कना हात लावायला इन्चार्ज सिस्टरही तयार होईनात. संध्याकाळी सरांच्या हुकमावरून किल्ली वॉर्डातल्या खिळ्यावर टांगली गेली आणि दुसऱ्या दिवसापासून ड्यूटीवरच्या प्रत्येकाला मास्क मिळू लागला.

सरांचा एक्स-रे स्वच्छ आला. तरी कपाट रिकामं व्हायला लागलं की मी त्यांच्या केबिनबाहेर उभा राहून जरा खोकतो. दुपारपर्यंत नवी खोकी येतात.