आमच्याच वाटेनं टेकडी गेली

मंडळी, आज सकाळचं सांगते. मेडशीच्या मागच्या टेकडीवर आम्ही गावातली काही माणसं दोन वर्षं दर रविवारी फिरायची वाट करत होतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यासाठी पैसे दिले, काहींनी येऊन दगडही उचलले. म्हाताऱ्यांना दोघं-दोघं सोबतीनं चढता यावं म्हणून वाट मुद्दाम रुंद ठेवली होती.

आमच्या रफीकभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. माथ्यावर ठेवायला त्यांनी स्वतःच्या खर्चानं लोखंडी बाक केला. तो कुठे बसवायचा हे बघायला आज आम्ही दोघं वर गेलो.

पाहतो तर माथ्याची एक बाजू खणून नेलेली. मुरूम भरलेला ट्रॅक्टर आमच्याच वाटेनं खाली येत होता. चालवणारा ओळखीचा निघाला, श्रमदानाला दोनदा आलेला.

मी विचारलं, "काहून खोदून राह्यला रे बापा टेकडी?"

तो शांतपणे म्हणाला, "मी नाही खोदलं तं दुसरा खोदते, ताई. अन् आदी इथं ट्रॅक्टर चढतच नव्हता. रस्ता तं तुमीच केला."

रफीकभाई एवढंच म्हणाले, "चला ताई, उतरू."

आता वाट बुजवली तरी गेलेला माथा परत येणार नाही. ज्यांनी घाम गाळला, त्यांची मी माफी मागते.

तुम्हीच सांगा, आपण वाट केली नसती तर टेकडी वाचली असती का? मला तरी आज होच वाटतंय.