पाडवा ते पाडवा, रोज एक फोटो

आमच्या घरात एक पेटी आहे, वाजवायची. तिच्यावर माझे अकरा दिवस खर्ची पडले. माझ्या कराटेच्या पांढऱ्या सदऱ्याचे आईनं लोणच्याच्या बरण्यांना दादरे केले. टायपिंगच्या क्लासात माझ्या फक्त डाव्या हाताची बोटं शिकली. उजव्या हाताची पाळी यायच्या आत मला मेंदीच्या क्लासची हुक्की आली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला ‘आरंभशूर’ ही पदवी बी.कॉम.च्या कितीतरी आधी देऊन टाकली होती.

आबांचं शाहूपुरीत ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि मला तिथं बसायचं होतं. हे मात्र हुक्की म्हणून नव्हे. ग्रीसचा वास, लोखंडाच्या फळ्या, हातात तुटका पार्ट घेऊन येणारी आणि ‘असलाच द्या’ म्हणणारी माणसं, हे सगळं मला लहानपणापासून आवडायचं. दोन हजार सालाच्या पुढची गोष्ट. मोबाईल आले होते, पण आमच्या घरातल्या मोबाईलला अजून डोळा फुटला नव्हता.

एकदा जेवताना मी विषय काढला. आबा भाकरी मोडत म्हणाले, “बसशील की! चार दिवस बसशील. पाचव्या दिवशी शिरोळचं गिऱ्हाईक क्लच प्लेट मागत हुबं, आन् तू गेलीस केक शिकायला. कायतरी एक काम वरीसभर धरून दाखव. मग तुझी खुर्ची टाकतो दुकानात. पार पुढं, रस्त्याकडं तोंड करून.”

मला राग आला की तोंड आधी चालतं आणि डोकं मागून येतं. कपाटावर मामानं दिलेला रोलचा कॅमेरा पडला होता, तो दिसला आणि मी म्हणाले, “रोज एक फोटो काढीन. ह्या गुढीपाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत.”

“कशाचा?”

“कशाचाही.”

“आन् एकाच दिवशी छत्तीस मारून ठेवलंस तर?”

माणूस व्यापारी होता. शेवटी असं ठरलं, की भिंतीवरच्या कॅलेंडरचं त्या दिवसाचं पान फाडायचं आणि ते फोटोत दिसलं पाहिजे. तारीख दिसली तर दिवस धरला जाईल. नाही दिसली तर खुर्ची विसरायची.

पाडव्याच्या दिवसापासून मी गल्लीत एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातात तारखेची चिठ्ठी घेऊन फिरायला लागले. पेरूवाल्यानं चिठ्ठी छातीशी धरली आणि तो पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “चिठ्ठी नगं, नुसता माझा काढ.” मी चिठ्ठी पाहिजेच म्हटल्यावर त्यांनी ती पाठीमागं लपवून छान हसून फोटो दिला. तो बाद. मग त्याच दिवशी त्यांच्या चपलेचा काढावा लागला. जोतिबाला चैत्राच्या यात्रेत चिठ्ठीवर इतका गुलाल बसला, की बारा तारीख आहे की बावीस, यावर आबांनी घरात दोन दिवस चौकशी चालवली.

सुचायचं नाही तेव्हा फारच हलाखी व्हायची. शेवग्याची शेंग. कुकरची शिट्टी. स्कूटरचं फाटकं सीट. एकदा ताप आला होता आणि मला अंथरुणातून उठवेना, तर आबांनाच म्हणाले, पाय पुढं करा. त्यांनी अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मध्ये चिठ्ठी धरली आणि फोटो निघेपर्यंत श्वास रोखून धरला. पायाच्या फोटोला श्वास कशाला रोखायचा, हे विचारायची सोय नव्हती.

रोल संपला की मी तो धुवायला टाकायची. फोटो आले की आबा चष्मा लावून फक्त तारखा बघायचे. फोटो कसा आलाय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. “तारीख एका जागंला ठिव,” ते म्हणाले, “मला हुडकायला लावू नगंस. डाव्या अंगाला ठिव.” तेव्हापासून चिठ्ठी कायम डावीकडं.

आता आबांची एक खोड सांगायला पाहिजे. त्यांना कशालाही तीट लावायची सवय होती. बाळाच्या गालाला काजळाचा ठिपका लावतात, तशी. जे काही नीट चाललंय त्याला दृष्ट लागेल ही त्यांची कायमची धास्ती. दुकानाच्या शटरला तीट होती. नव्या स्कूटरच्या मडगार्डला होती. एका वर्षी आईचं आंब्याचं लोणचं फार चांगलं उतरलं, तर बरणीच्या बुडालासुद्धा होती. काजळाची डबी ते शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ठेवायचे. माझ्या मात्र कुठल्याही वस्तूला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. पेटीला नाही, कराटेच्या ड्रेसला नाही. मला त्याचं काही वाटायचं नाही. दृष्ट लागण्याइतकं माझं काही चालतच नव्हतं.

दसऱ्याच्या आसपास पाच रोल पुरे झाले आणि मी सहावा भरला. त्याच दिवशी शिरोळचे एक जुने गिऱ्हाईक घरी चहाला आले होते. कॅमेरा आणि चिठ्ठी बघून त्यांनी सगळी हकीकत विचारून घेतली आणि घर दणाणून जाईल असं म्हणाले, “सा म्हयनं? पोरीनं लई चिकाटीनं धरलंय की वो, पावणं!”

आबा नुसतं “व्हय, व्हय” म्हणाले आणि चहाची बशी खाली ठेवली. मी फुशारून गेले होते, त्यामुळं त्यांच्या चेहऱ्याकडं माझं लक्ष नव्हतं.

तो सहावा रोल माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला रोल होता. हात बसला होता. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून रस्त्यानं पळवतात, मालक मोटारसायकल फाडफाड वाजवत पुढं आणि म्हैस मागं. त्यातली एक, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरांचा पट्टा घातलेली, मी बरोबर पकडली. चिठ्ठी तिच्या डाव्या शिंगाला दोऱ्यानं बांधली होती. मालक म्हणाला, “म्हशीचा हॅप्पी बड्डे हाय काय?”

फोटो आणायला गेले आणि स्टुडिओच्या पायरीवरच पाकीट उघडलं. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत डाव्या अंगाला काळपट धूर. म्हैस होती, शिंग नव्हतं. एकाही फोटोत तारीख नव्हती.

मी तशीच आत गेले आणि स्टुडिओवाल्यांवर तुटून पडले. तुम्ही रोल खराब धुतलाय, तुमचं पाणी घाण आहे, तुम्हाला ह्याची कल्पना आहे का की माझी खुर्ची गेली! शेवटचं त्यांना कळणं शक्य नव्हतं. ते बिचारे ऐकून घेत होते. मग त्यांनी माझ्या हातातला कॅमेरा घेतला, तोंड आपल्याकडं वळवलं, झाकण सरकवलं आणि भिंगावरून हलकेच बोट फिरवलं. बोट काळं.

“ताई,” ते म्हणाले, “हे काजळ हाय. कॅमेरा बाळंत झालाय काय?”

सात महिने मी कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूनंच बघत आले होते. बघायचं भोक वर वेगळं, भिंग खाली वेगळं. कॅमेऱ्याचं तोंड बघायचं मला कधी सुचलंच नव्हतं. स्टुडिओत उभ्याउभ्या मला रडू फुटलं आणि हसूही आलं. स्टुडिओवाल्यांनी पंखा लावला.

घरी आले. आबा ओसरीवर चष्मा लावून तयारच बसले होते. मी छत्तीस फोटो त्यांच्यापुढं मांडले. त्यांनी पहिला उचलला, दुसरा उचलला.

“तारीख कुठाय?”

“तुमच्या काजळाखाली.”

आबांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडं गेला. आई दारात उभी होती. ती म्हणाली, “लावायची तर मागं लावायची, भिंगाला कशाला?”

“तोंडालाच लावत्यात की,” आबा बारीक आवाजात म्हणाले.

माझा राग तोवर पार निघून गेला होता, पण खुर्चीचं दुःख होतंच. म्हटलं, “जाऊ दे आबा. ठरलंय ते ठरलंय. तारीख नाही तर दिवस नाही. पुढच्या पाडव्यापासून पुन्हा सुरू करते.”

आबांनी म्हशीचा फोटो उचलून एका बाजूला ठेवला. “दिवाळीचा पाडवा. ह्याला तारीख कशाला पायजे?” मग कणसाचा घेतला. “ह्यो त्याच्या आदला शनवार. तू कॅमेरा इसरून रंकाळ्यावर गेलतीस, मी स्कूटरवरनं आणून दिला.” मग बंद शटरचा. “आमुशा. दुकान उशिरा उघडलं.” मग स्वतःच्या पायाचा. “सोमवार. तुला एकशे दोन ताप हुता.” असे ते एकेक फोटो लावत गेले. कुठं अडले की आईला विचारत होते, मला नाही. छत्तीसातले चौतीस लागले. राहिलेल्या दोनांवर दोघांचं भांडण झालं आणि दोन्ही धरले गेले. मी नुसती बघत बसले. हा माणूस फक्त तारखा बघतो असं मी सात महिने समजत होते.

पुढच्या पाडव्याला सकाळी गुढी उभारली, शेवटचा फोटो काढला आणि मी पिवळा धमक ड्रेस घालून दुकानात गेले. खुर्ची टाकली होती, पार पुढं, रस्त्याकडं तोंड करून. मी बसले. दिवसभर उठले, बसले, फळ्यांवरून बेअरिंग काढली, रस्त्यापर्यंत जाऊन माणसांना वाटही दाखवली. गिऱ्हाईकं माझ्याकडं बघून गालात हसत होती. मला वाटलं, मुलगी दुकानात बसलीय म्हणून.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं आणि आई मागून किंचाळली. ड्रेसच्या मागच्या बाजूला, बरोबर बसायच्या जागी, रुपयाएवढा काळा ठप्पा.

मी आबांकडं वळून बघितलं. ते चप्पल काढत होते, मान वर न करता म्हणाले, “नवी खुर्ची हाय. लावायला नगं व्हय?”